तबकडी, भोंगा आणि डीजे

लातूर-नांदेडकडे लग्न ठरलं की पहिला प्रश्न कार्यालयाचा असतो, दुसरा आचाऱ्याचा आणि तिसरा हमखास, ‘डीजे कुणाचा सांगितलाव?’ या प्रश्नातला डीजे हा माणूस नसतो. ती गाडी असते. टाटा ४०७ किंवा आयशरच्या हौद्यात रचलेली खोक्यांची उतरंड, तळाला अठरा इंची बेस, त्यावर टॉप, मागे जनरेटर आणि या सगळ्याच्या आड कुठेतरी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेलं एक पोरगं. त्या पोराला ‘ऑपरेटर’ म्हणतात. पत्रिकेत आणि फ्लेक्सवर नाव येतं ते गाडीचं.

लंडनच्या क्रॉयडन उपनगरात हाच शब्द वापरला तर अर्थ बदलतो. तिथला डीजे म्हणजे दोन फिरत्या तबकड्यांसमोर उभा राहून एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात अशा बेतानं नेणारा माणूस, की नाचणाऱ्याच्या पायाला सांधा कळू नये. जमैका बेटावरच्या किंग्स्टन शहरात तिसराच अर्थ. तिथे तबकड्या निवडून लावणारा तो ‘सिलेक्टर’ आणि गाणं चालू असताना माइक हातात घेऊन वर बोलणारा तो डीजे. आपण ज्या खोक्यांच्या गाडीला डीजे म्हणतो, तिला ते ‘साउंड सिस्टीम’ म्हणतात किंवा नुसतंच ‘साउंड’.

एका शब्दाचे हे तीन अर्थ मला मजेशीर वाटतात, कारण तिन्हींच्या मुळाशी एकच कारागीर आहे: रेडिओ दुरुस्त करणारा, तारा जोडणारा आणि दुसऱ्याच्या आनंदाच्या दिवशी पैसे घेऊन आवाज पुरवणारा. आपल्याकडे त्याला ‘स्पीकरवाला’ म्हणायचे. आज त्याची गोष्ट सांगायची आहे.

तबकडीपासून सुरुवात करू. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ साली. फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकानं कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला आणि तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवरहून छापून आल्या. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. या तबकड्या लाखेच्या असत. आपल्याकडच्या बांगड्यांची तीच लाख. जगभरच्या तबकड्यांसाठी लागणारी लाख मुख्यतः भारतातूनच जात होती, म्हणजे लंडन-न्यूयॉर्कचं संगीतही एका अर्थानं आपल्या पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडावरच्या किड्यानं तोलून धरलं होतं. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावे. एक बाजू संपली की पोलादी सुई बदलायची, चावी भरायची आणि पुन्हा लावायची.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाड-हैदराबाद हा मीटर गेजचा रस्ता १९००च्या सुमारास झाला आणि नांदेड त्यावर आलं. लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली पोचली. या दोन रुळांवरून दोन वेगळी संगीतं आत आली असं म्हणायला हरकत नाही. हैदराबादच्या बाजूनं कव्वाली आणि उर्दू गझल, तर बार्शी-पुण्याच्या बाजूनं बालगंधर्वांची नाट्यपदं. ग्रामोफोन वकिलाच्या, देशमुखाच्या किंवा अडत दुकानदाराच्या माडीवर असायचा. तो खोलीपुरता आवाज होता. ज्याची माडी त्याचं गाणं. खाली रस्त्यावर उभं राहून जेवढं कानावर येईल तेवढं बाकीच्यांचं.

माडीवरचं गाणं चौकात आणलं ते लाउडस्पीकरनं. १९३१ साली कराची काँग्रेसच्या अधिवेशनात मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीनं ध्वनिक्षेपक पुरवले. कंपनीचं नाव अमेरिकन असलं तरी ती सिंधमधल्या सक्करच्या मोटवाने कुटुंबाची. नानिक मोटवाने यांनी पुढे गांधीजी आणि नेहरूंच्या सभांना हा आवाज दिला. दिल्लीची ‘अहुजा’ कंपनी १९४० सालची. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कुठल्याही मराठवाडी माणसाला ॲम्प्लिफायरचं नाव विचारा, तो अहुजा म्हणेल. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद मुक्त झालं, १९५२ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि सभा-मिरवणुकांना ध्वनिक्षेपक लागू लागला. निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते. लग्नसराई दरवर्षी येते. मांडववाल्यानं भांडी, सतरंज्या आणि गॅसबत्त्यांच्या जोडीला एक पेटी, एक बॅटरी आणि दोन कर्णे घेतले ते यामुळेच.

ती पेटी उघडून बघण्यासारखी होती. एका बाजूला तबकडी फिरवायचं यंत्र, त्याचा विजेवर चालणारा पिकअप, खाली ॲम्प्लिफायर. सोबत पत्र्याची ट्रंक, तीत कागदी पाकिटांतल्या तबकड्या उभ्या लावलेल्या. गावात वीज नसली तर मोटारीची बॅटरी. कर्णा म्हणजे भोंगा, गावातल्या सगळ्यांत उंच लिंबाला किंवा मांडवाच्या शेंड्याला बांधायचा आणि तोंड शेजारच्या गावाकडे करायचं. ‘आमच्याकडे लग्न आहे’ हे पत्रिकेपेक्षा भोंगा अधिक खात्रीनं सांगायचा.

स्पीकरवाल्याला गाण्यांचा क्रम पाठ असे. पहाटे भक्तिगीत, हळदीला एक, रुखवताला दुसरं, पंगतीला सिनेमातलं, मुलगी निघाली की बिदाईचं. मधेच तबकडी थांबली की बायका लगबगीनं अक्षता घेऊन उभ्या राहत, कारण मंगलाष्टकं सुरू होणार. यंत्र बहुधा एकच असायचं, त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये अर्ध्या मिनिटाची पोकळी पडे. ती तो तोंडानं भरून काढी. ‘अमुक गावच्या मामांकडून नवरदेवाला पाच भांड्यांचा आहेर’, ‘पाव्हण्यांनी दुसऱ्या पंगतीला बसून घ्यावं’, आणि हरवलेल्या पोराचं वर्णन. काही जण हे इतक्या ठसक्यात करत की लोक गाण्यापेक्षा त्या घोषणांची वाट बघत. जमैकात याच पोकळीतून एक कला जन्मली, ते पुढे येईलच.

सुगीनंतरच्या जत्रांत हाच खेळ मोठा होई. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा घ्या. घोडे-उंटांचा बाजार, तमाशाचे फड आणि तंबू. प्रत्येक तंबूचा भोंगा शेजारच्या तंबूवर रोखलेला. ज्याचा आवाज लांब जाईल त्याच्या खिडकीवर रांग.

भोंग्याबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कर्ण्यातून मधल्या पट्टीचा आवाज उत्तम जातो आणि मैलभर जातो, पण खर्ज जात नाही. खर्जाच्या लाटा लांब असतात. सेकंदाला पन्नास कंपनांची लाट जवळजवळ सात मीटरची होते. ती उचलायला मोठं खोकं आणि मोठा पडदा लागतो. त्यामुळे भोंग्यातून ढोलकीचा कडकडाट पोचायचा, घुमारा पोचायचा नाही. शब्द मात्र स्वच्छ पोचायचे. आपली भोंग्यावरची गाणी शब्दांची गाणी राहिली याचं एक कारण मला हे यंत्रच वाटतं. प्रल्हाद शिंदे यांचा खडा, फेकीचा आवाज जणू कर्ण्यासाठीच घडला होता. पहाटे तीन शिवारं ओलांडून तो यायचा आणि एक अक्षर गळायचं नाही. १९७५च्या ‘शोले’चे नुसते संवाद पॉलिडोर कंपनीनं तबकडीवर काढले आणि ते गणपतीच्या मांडवांतून गाण्यांसारखे वाजले, तेही याच जातीचं उदाहरण.

याच वर्षांत किंग्स्टनमध्ये काय चाललं होतं ते बघू. तिथेही गरिबाच्या घरी ग्रामोफोन नव्हता आणि वाद्यवृंद बोलवायला पैसे नव्हते. मग १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून व्यापाऱ्यांनी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जमवून उघड्या आवारात तिकीट लावून तबकड्या वाजवायला सुरुवात केली. त्यातला एक गाजलेला मालक लोखंडी सामानाचा दुकानदार, दुसरा ड्यूक रीड, पूर्वीचा पोलीस आणि मग दारूचा दुकानदार. अमेरिकेहून आणलेल्या तबकडीचं नाव स्पर्धकाला कळू नये म्हणून हे लोक तिचं लेबल खरवडून टाकत. माळेगावच्या तंबूवाल्यांना यातलं काही नवीन वाटलं नसतं. दोन गाण्यांच्या मधली पोकळी भरायला काउंट मचुकी नावाचा निवेदक चटपटीत बोलू लागला आणि तिथला ‘डीजे’ तयार झाला. आपला आहेर पुकारणारा आणि तो, दोघं एकाच धंद्यातले.

फरक पडला तो भोंगा आणि खोकं यांत. किंग्स्टनवाल्यांनी भोंगा सोडून माणसाच्या उंचीची लाकडी खोकी बांधली. त्यांना नाचायचं होतं, त्यामुळे त्यांना खर्ज हवा होता. आणि त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती: गावातच ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आणि तबकडी कोरायचं यंत्र. १९६७-६८च्या सुमारास रुडी रेडवूड नावाचा एक साउंड सिस्टीमवाला ड्यूक रीडच्या स्टुडिओत नमुन्याची तबकडी कोरून घ्यायला गेला. कोरताना गायकाच्या आवाजाची पट्टी चुकून बंद राहिली. त्यानं ती तबकडी तशीच नेली आणि लावली. नुसता ताल ऐकून लोक स्वतःच गाऊ लागले.

हे बघितलं ऑसबोर्न रडॉक यांनी, म्हणजेच ‘किंग टबी’ यांनी. १९४१चा जन्म, धंद्यानं वीजतंत्री. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे, लोकांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे. घरच्या एका खोलीत त्यांनी मिक्सर बसवला आणि दुसऱ्यांनी मुद्रित केलेल्या गाण्यावर उलटी शस्त्रक्रिया सुरू केली. गायक एका ओळीनंतर पुसून टाकायचा, गिटार क्षणभर दाखवून प्रतिध्वनीत विरघळवायची, ढोल आणि खर्जाची तार तेवढी उघडी ठेवायची. यालाच ‘डब’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गाणं झाकून ठेका दाखवायचा. १९८९ साली घराबाहेर गोळ्या घालून टबींची हत्या झाली. पण त्याआधीच, मिक्सरवर बसलेला दुरुस्तीवाला हाही कलावंत असतो हे त्यांनी जगाला पटवून दिलं होतं.

मग लातूरच्या किंवा नांदेडच्या स्पीकरवाल्यानं डब का काढला नाही? हात कमी होता म्हणून नव्हे. जळालेला ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळून संध्याकाळच्या वरातीला हजर करणारे कारागीर आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला होते. कारण मालकीत आहे. आपल्याकडे गाणं मुंबईत मुद्रित होई आणि छापलं जाई कलकत्त्याजवळच्या डमडमला. एकाच कंपनीचा वरचष्मा. स्पीकरवाल्याच्या हातात यायची ती पक्की, बंद तबकडी. तिच्यातून गायक काढून ठेवायची सोय नव्हती आणि नवी कोरून घ्यायला जवळ यंत्र नव्हतं. तो गिऱ्हाईक होता, फार तर वाटाड्या. किंग्स्टनचा स्पीकरवाला सहा गल्ल्या ओलांडून स्टुडिओत जाऊ शकत होता. इतिहासात अशी भौगोलिक अंतरं प्रतिभेपेक्षा जास्त ठरवतात.

दोन तबकड्यांची कला कुठून आली तेही सांगतो. क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा किंग्स्टनचा मुलगा १९६७ साली आईवडिलांकडे न्यूयॉर्कला गेला. ११ ऑगस्ट १९७३ला त्यानं, म्हणजे ‘कूल हर्क’नं, ब्रॉन्क्समधल्या आपल्या इमारतीत बहिणीसाठी एक पार्टी केली. त्यानंतरच्या अशाच पार्ट्यांत दोन यंत्रांवर एकच रेकॉर्ड लावून तालाचा तुकडा तो लांबवत नेऊ लागला. त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये ‘टेक्निक्स एसएल-१२००’ हे यंत्र निघालं होतं. त्याची तबकडी पट्ट्यावर फिरत नाही, थेट मोटारीवर फिरते. हातानं रोखली तरी सोडताच पुन्हा वेग पकडते. पुढच्या आवृत्तीत वेग आठ टक्के कमी-जास्त करायची सरकपट्टी आली. मिक्सिंग म्हणजे काय, तर एक तबकडी लोकांसाठी वाजत असते आणि दुसरी फक्त डीजेच्या हेडफोनमध्ये. पहिलं गाणं मिनिटाला १४० ठोक्यांचं आणि दुसरं १३६चं असेल, तर दुसऱ्याचा वेग सुमारे तीन टक्के वाढवायचा, बोटानं तबकडी किंचित पुढे-मागे ढकलून सम जुळवायची आणि मग हळूच पडदा बाजूला करावा तसं ते आत आणायचं. भजनी मंडळात मृदंग न थांबता एका अभंगावरून दुसऱ्यावर जातात ना, तसंच. फक्त इथे मृदंगही दोन आणि दोघेही आपल्या मर्जीनं चालणारे.

जमैकाची माणसं १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इंग्लंडला गेली आणि खोकी तिथेही बांधली गेली. पन्नास वर्षांनी, २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमध्ये ‘बिग ॲपल’ नावाच्या रेकॉर्डच्या दुकानाभोवती जमणाऱ्या पोरांनी ‘डबस्टेप’ घडवलं. स्क्रीम, बेंगा ही त्यातली नावं तेव्हा शाळकरी वयाची. ठोके मिनिटाला १४०, पण जड ठोका निम्म्या गतीनं पडतो. म्हणजे वरची झांज दुगुनीत आणि अंग हलतं ते ठाय लयीत. मधे मोकळी जागा आणि तळाला छातीत जाणवणारा खर्ज. गाणं तयार झालं की तिथला माणूस ते स्टुडिओत नेऊन मऊ लाखटलेल्या ॲसिटेटच्या तबकडीवर कोरून घ्यायचा. हीच ‘डबप्लेट’. काही डझन वेळा वाजली की झिजायची. पण तोवर ते गाणं जगात फक्त त्याच्याकडे असायचं. ऐकायचं असेल तर त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं.

आता परत मराठवाड्यात येऊ, कारण आपल्याकडची कोंडी मधल्या काळात फुटली होती. ती फोडली कॅसेटनं. १९८०च्या दशकात कोऱ्या कॅसेट स्वस्त झाल्या, टी-सिरीजसारख्या कंपन्या आल्या आणि डमडमची मिरास संपली. शहरात गल्लोगल्ली ‘रेकॉर्डिंग सेंटर’ निघाली. वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, संध्याकाळी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट न्यायची. बेकायदा होतं, पण क्रम ठरवण्याचा हक्क पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या हातात आला. स्पीकरवाल्याची ट्रंक अडगळीत गेली आणि तबकड्या बऱ्याच ठिकाणी भंगारात.

या कॅसेटनं सगळ्यांत मोठं काम केलं ते भीमगीतांचं. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे आणि मग त्यांची मुलं आनंद व मिलिंद शिंदे यांची गाणी वस्तीवस्तीत पोचली. तो काळ मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचा होता. २७ जुलै १९७८ला विधिमंडळात ठराव झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातही माणसं मारली गेली, आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ला. या सोळा वर्षांत १४ एप्रिलच्या भोंग्याला वेगळा अर्थ आला. जयंतीची मिरवणूक गावातल्या कोणत्या रस्त्यानं न्यायची आणि वेशीत आवाज चढवायचा की नाही, यावर गावोगाव तंटे झाले. ते संपले म्हणावेत तर जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात एका दलित तरुणाचा खून झाला आणि गावात आंबेडकर जयंती काढल्याचा राग हे त्यामागचं कारण फिर्यादीत नोंदलं गेलं. मोठ्या आवाजाबद्दल बोलताना हे बाजूला ठेवून बोलता येत नाही. ज्यांच्या पिढ्या माडीखाली उभं राहून ऐकत होत्या, त्यांच्यासाठी चौकातला आवाज ही नुसती करमणूक नसते.

२००० नंतर सीडी आली, संगणक आला आणि मोठी खोकी आली. भोंग्याची जागा खर्जानं घेतली. किंग्स्टननं पन्नास वर्षांपूर्वी केलेला प्रवास आपल्याकडे दहा वर्षांत झाला. पश्चिम महाराष्ट्रात या खोक्यांना ‘डॉल्बी’ म्हणतात. गंमत अशी की रे डॉल्बी यांची १९६५ सालची कंपनी प्रसिद्ध झाली ती टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. गोंगाट घालवणाऱ्याचं नाव गोंगाटाला मिळालं.

आणि मग, कुणी शिकवल्याशिवाय, तालुक्याच्या गावातली पोरं डब करू लागली. घरच्या संगणकावर गाणं घ्यायचं, गायक मागे ढकलायचा, खाली हलगी किंवा संबळ चढवायचा, तुळजाभवानीची आराधी गाणी घ्यायची, मधेच सिनेमाचा संवाद टाकायचा, सगळं थांबवायचं आणि मग बेस सोडायचा. ‘हलगी मिक्स’, ‘साउंड चेक’, ‘कॉम्पिटिशन’ असे या तुकड्यांचे प्रकारच पडले. साउंड चेक म्हणजे नावाप्रमाणे समोरच्या गाडीला हरवण्यासाठीच केलेलं गाणं. त्यात शब्द जवळजवळ नसतात, खोक्यांची परीक्षा असते. दोन गाड्या समोरासमोर आल्या की लोक गाण्याला नव्हे, बेसला दाद देतात. काही गाणी ‘अनरिलीज’ म्हणून ठेवलेली असतात, ती एकाच गाडीवर वाजतात. आणि गाण्याच्या मधे दर अर्ध्या मिनिटाला त्या गाडीचं नाव पुकारलेलं असतं, म्हणजे कुणी चोरलं तरी मालक कळावा. क्रॉयडनची डबप्लेट ती हीच. जमैकातही गायकाकडून साउंड सिस्टीमचं नाव घालून गाणं गाऊन घ्यायची जुनी रीत आहे. एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन कारागीर एकाच अडचणीवर एकच तोड काढतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मोठ्या शहरांतल्या जाणत्यांना हे उशिरा दिसलं. मुंबई-दिल्लीच्या क्लबांत डबस्टेप २००९-१०च्या सुमारास रुजलं ते थेट लंडनच्या वळणावर. ‘न्यूक्लिया’ या नावानं वाजवणाऱ्या उदयन सागर यांनी मात्र मिरवणुकीतला ठेका उचलून त्यात घातला. २०१५च्या त्यांच्या ‘बास रानी’ संग्रहातले तुकडे उलट फिरून मिरवणुकीच्या गाड्यांवर वाजू लागले. दिल्लीत ‘दिल्ली सल्तनत’ म्हणजे तरू दालमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकवर्गणीतून जमैकाच्या धर्तीची खोकी बांधून घेतली आणि गोव्यात २०१६ पासून ‘सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव सुरू झाला. तिथे तबकड्यांवर मिक्स करणाऱ्याला कलावंत म्हणतात आणि व्याख्यानंही ठेवतात. उदगीर-अहमदपूरकडे तेच काम करणाऱ्या पोराच्या वाट्याला पोलीस ठाण्यातली नोटीस येते.

अर्थात नोटीस विनाकारण येते असं नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली यावर सविस्तर निकाल दिला. सप्टेंबर २०१८मध्ये विसर्जनाच्या तोंडावर साउंडवाल्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली, पण बंदी उठवायला न्यायालयानं नकार दिला. खर्जाची लाट भिंतीला जुमानत नाही, हे वर सांगितलं ते विज्ञान इथे आड येतं. दार-खिडक्या लावूनही म्हाताऱ्या माणसाच्या छातीत ती शिरते. गाडीवरच्या ऑपरेटरचे कानही त्यातच जातात आणि त्याच्या कानात बोळा कुणी घालत नाही. किंग टबी यांच्या कारागिरीचं कौतुक करणाऱ्यानं हे म्हणायलाच हवं, की शंभर डेसिबलच्या पुढचा आवाज हा कुणाचाच सांस्कृतिक हक्क होत नाही. आणखी एक घर यात बसलं, हलगी आणि बँडवाल्यांचं. त्यांचा ठेका गाडीवर चढला, पण ते स्वतः गाडीखाली राहिले. ज्याची हलगी एकदा मोबाइलवर मुद्रित करून हजार गाण्यांत वापरली गेली, त्याला त्याचा एक रुपया मिळत नाही. जमैकातल्या ढोलकऱ्यांचीही हीच तक्रार होती.

जुन्या तबकड्यांचं नशीब तुलनेनं बरं. मुंबईत १९९०मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नं आणि तिचे सुरेश चांदवणकर यांनी याद्या केल्या, अंक काढले, संग्राहक जोडले. लाखेच्या तबकडीवर लेबलाजवळच्या मोकळ्या जागेत बारीक आकडे कोरलेले असतात. त्यांच्यावरून ती कोणत्या साली, कोणत्या दौऱ्यात मुद्रित झाली हे शंभर वर्षांनीही सांगता येतं. २०१२ साली लातूरच्या एखाद्या खोलीत केलेल्या साउंड चेकला ना लेबल, ना आकडा, ना मुद्रकाचं नाव. पेन ड्राइव्ह बदलताना ते पुसलं जातं, गाडी विकली की विसरलं जातं. ज्याला उद्या या काळाचा इतिहास लिहायचा असेल त्याला एकच खूण सापडेल: ठेका थांबतो, प्रतिध्वनी उठतो आणि कुणीतरी गाडीचं आणि गावाचं नाव पुकारतं.